अँजेलोज बंद झालं, मग?

डिसेंबर 2023 मध्ये एका सकाळी आमच्या जुन्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनेकशे मेसेज येऊन पडले होते. एरवी तो ग्रुप म्हणजे दिवाळीचे फटाके आणि वाढदिवसाचे केक, एवढे मेसेज कोणी गेलं तरच येतात, म्हणून मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून धडधडत्या छातीने वर वर सरकवत गेलो तर कळलं की सगळे ठणठणीत आहेत, अँजेलोज बंद होतंय. बंद होणार हे आधीच जाहीर झालेलं होतं, पण आता खरंच शेवटचे दिवस आले होते आणि कोणीतरी तिथल्या रांगेचा फोटो टाकला होता. मग काय, सुरूच झालं. रडके इमोजी, जुने फोटो, "एक युग संपलं", "आपल्या तरुणपणाचा तुकडा गेला", एकाने तर चक्क कविता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकेत मिशिगन राज्यात ॲन आर्बर नावाचं गाव आहे, गाव म्हणजे सव्वा लाख वस्तीचं, आणि त्यात पन्नास हजारांच्या वर पोरं शिकणारी युनिव्हर्सिटी, म्हणजे गावात युनिव्हर्सिटी आहे की युनिव्हर्सिटीत गाव आहे हेच कळत नाही. तिथे कॅथरीन आणि ग्लेन या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर, युनिव्हर्सिटीच्या अवाढव्य हॉस्पिटलच्या जवळच, 1956 पासून अँजेलोज नावाचं नाश्त्याचं हॉटेल होतं. ग्रीक कुटुंबाचं. सकाळी लवकर उघडायचं, दुपारी बंद, रात्रीच्या जेवणाची भानगडच नाही. घरी भाजलेला बेदाण्याचा ब्रेड आणि त्या ब्रेडचा तेलात तळून काढलेला फ्रेंच टोस्ट यासाठी ते प्रसिद्ध, आणि गावातल्या एका गायकाने त्या हॉटेलवर गाणंसुद्धा केलेलं. शनिवार-रविवारी दाराबाहेर फुटपाथवर रांग, जानेवारीतसुद्धा, आणि मिशिगनचा जानेवारी म्हणजे नाकातले केस गोठतात राव, त्या थंडीत लोक हात चोळत उभे.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वेट्रेसने विचारलं, अंडी कशी हवीत. मला वाटलं चांगली हवीत एवढं सांगितलं की झालं. आपल्याला ऑम्लेट, बुर्जी, हाफ फ्राय आणि उकडलेलं एवढीच चार माहीत, तिने एका दमात सहा-सात प्रकार सांगितले आणि मी शेवटचा होता त्याला हो म्हणालो, कारण तेवढाच लक्षात राहिला होता. मग तिने न विचारता कॉफी ओतली, अर्धी संपली की परत ओतली, परत ओतली, आणि मी आपला प्रत्येक वेळी मनात हिशोब करतोय की ही चौथी, आता बिल किती येणार. रिफिल फुकट असते हे मला त्या दिवशी कळलं. आणि टिप ठेवायची असते हे त्याच्या पुढच्या आठवड्यात कळलं, म्हणजे पहिल्या दिवशी मी चार कप कॉफी पिऊन त्या बाईंच्या हातावर काहीच न ठेवता आलो, ते अजून आठवलं की कानशिलं तापतात.

तर सांगायचं हे की माझाही गळा दाटला होता. मीही मीटिंगमध्ये बसल्या बसल्या एक मोठा मेसेज टाईप केला. आणि पाठवायच्या आधी आमच्यातल्या एकाने, जो एकटाच अजून ॲन आर्बरमध्येच राहतो, एक साधा प्रश्न टाकला: तुमच्यापैकी शेवटचं कोण कधी गेलं होतं? मी 2006 म्हणालो. बाकीच्यांचंही तसंच. मग त्याला विचारलं तू कधी गेलास, तर म्हणाला चारेक वर्षं झाली असतील, पार्किंग मिळत नाही आणि रांगेत पोरं कंटाळतात.

म्हणजे चाळीस जण रडतायत आणि सगळ्यांनी मिळून गेल्या चार वर्षांत तिथे एक अंडं खाल्लेलं नाही.

मला या रडण्याची टिंगल करायची नाहीये, मीही त्यातलाच. पण आपण नेमकं कशासाठी रडतोय ते एकदा नीट बघितलं पाहिजे असं मला तेव्हापासून वाटतंय, कारण या रडण्यातून पुढे मागण्या निघतात, हॉटेल वाचवा, हेरिटेज जाहीर करा, सरकारने काहीतरी करावं, आणि माझं म्हणणं असंय की त्या मागण्या बहुतेक वेळा चुकीच्या हॉटेलासाठी असतात. म्हणजे जे बंद पडतंय त्याच्यासाठी. जे उघडूच शकत नाहीये त्याचं नावही कोणी काढत नाही, कारण न उघडलेल्या हॉटेलचा कोणाकडे फोटो नसतो.

आधी अँजेलोजचं झालं काय ते बघू. कोणी हाकललं नाही. भाडं थकलं नाही. गिऱ्हाईक तुटलं नाही, रांग तर फोटोत दिसतच होती. त्या कुटुंबाची जागा स्वतःची होती, शेजारी वाढत चाललेल्या युनिव्हर्सिटीला ती हवी होती, 45 लाख डॉलरला व्यवहार झाला आणि मालक रिटायर झाले. एवढंच. सदुसष्ट वर्षं एक कुटुंब पहाटे उठून तव्यापुढे उभं राहिलं, बापानंतर मुलाने चालवलं, आणि शेवटी चांगले पैसे हातात घेऊन स्वतःच्या मर्जीने शटर खाली ओढलं. यात शोकांतिका कुठंय? हॉटेलच्या धंद्यात याहून चांगला शेवट मला तरी माहीत नाही. आणि ज्याला वाटतं की त्यांनी अजून चालवायला हवं होतं, त्याने आधी सलग एक आठवडा पहाटे चारला उठून कांदे चिरून दाखवावेत.

आपल्याकडे इराण्यांचं तेच झालं. मुंबई-पुण्याचे इराणी कॅफे एकामागून एक बंद पडले की आपण मॉलला शिव्या घालतो, मॅकडोनाल्डला घालतो, पिढी बिघडली म्हणतो. ती कारणं आहेतच, पण एक साधं कारण कोणी बोलत नाही, की त्या इराण्यांची पोरं शिकली. डॉक्टर झाली, इंजिनियर झाली, कॅनडाला गेली. गल्ल्यावर बसायला कोणी उरलं नाही, कारण आजोबांनी गल्ल्यावर बसून त्याचीच तर फी भरली होती. अमेरिकेत ग्रीक लोकांनी गावोगाव असली नाश्त्याची हॉटेलं काढली, आपल्याकडे इराण्यांनी काढली, उडुपीकडच्या शेट्टींनी काढली, गणित सगळीकडे एकच. परक्या गावात आलेल्या माणसाकडे ना भाषा ना ओळख ना डिग्री, मग तो पहाटे उठतो आणि इतरांना नाश्ता घालतो, कारण पहाटे उठायला बाकी कोणी तयार नसतं. आणि हे सगळं यासाठी की पोराला पहाटे उठायला लागू नये. आपण त्या पोराकडून अपेक्षा करतो की त्याने आमच्या आठवणींसाठी परत तव्यासमोर जाऊन उभं राहावं, आणि आम्ही स्वतः मात्र बापाची शेती, बापाचं किराणा दुकान सोडून बालेवाडीत फ्लॅट घेऊन बसलोय.

आता गंमत बघा. त्याच गावात दुसरं एक हॉटेल होतं, ब्लिंपी बर्गर, 1953 पासूनचं, पोरांमध्ये ते अँजेलोजइतकंच लाडकं, हिवाळ्यात त्याच्या दारात बर्फाची अस्वलं करून ठेवायचे. तिथे ऑर्डर द्यायचीही एक रीत होती, आधी तळणीचं सांगायचं, मग बर्गरचं, चीजचं एकदम शेवटी, क्रम चुकला की तव्यामागचा माणूस सगळ्यांसमोर झापायचा आणि पोरं त्याच्यावरच खूश. चालवणाऱ्या माणसाची जागा स्वतःची नव्हती. युनिव्हर्सिटीला तो कोपरा पोस्टग्रॅज्युएट पोरांच्या हॉस्टेलसाठी हवा होता, त्या हॉस्टेलला चार्ली मंगर यांनी, तेच ते वॉरन बफेचे भागीदार, 11 कोटी डॉलरची देणगी दिली होती, आणि 2013 च्या ऑगस्टमध्ये ब्लिंपी बर्गर तिथून उठलं. (हॉस्टेल नंतर झालं, आणि त्यातल्या बहुतेक बेडरूमना खिडकीच नाही, मंगरसाहेबांची ती हौस होती. ते एक स्वतंत्र प्रकरण आहे.) मालकाने हातपाय हलवून 2014 मध्ये गावातच दुसऱ्या रस्त्यावर परत सुरू केलं, पण मधलं वर्ष गेलं ते गेलंच, आणि असं परत उभं राहणं दहातल्या एखाद्यालाच जमत असेल.

दोन्ही हॉटेलांच्या जागा एकाच युनिव्हर्सिटीने घेतल्या. दोन्ही वेळा लोक सारखेच हळहळले, शब्दसुद्धा तेच. पण एक माणूस रिटायर झाला आणि एक माणूस रस्त्यावर आला, आणि फरक फक्त एवढाच होता की सातबारा कोणाच्या नावावर आहे. आठवणींच्या पुरात हा फरक वाहून जातो. आपल्याला दोन्हीकडे फक्त बंद शटर दिसतं.

युनिव्हर्सिटीबद्दल मात्र बोललंच पाहिजे. अमेरिकेतल्या बहुतेक युनिव्हर्सिट्यांप्रमाणे हीसुद्धा प्रॉपर्टी टॅक्स भरत नाही, म्हणजे तिने गावातला एक कोपरा विकत घेतला की तेवढा कोपरा गावाच्या वसुलीच्या यादीतून गेला. तिच्याच पोरांवर, प्रोफेसरांवर, नर्सेसवर ही हॉटेलं जगतात आणि तिच्याच पोटात शेवटी जातात. आपल्याकडे मुंबईत समोवारचं काहीसं असंच झालं होतं, जहांगीर आर्ट गॅलरीच्या आतलं ते लांबुळकं कॅफे, 1964 साली सुरू झालेलं. तिथे बसून चित्रकारांच्या पिढ्या चहा प्यायल्या, किती जणांनी पहिलं चित्र विकलं जाण्याची वाट तिथेच बघितली असेल. जागेच्या कराराची कोर्टबाजी बरीच वर्षं चालली आणि मार्च 2015 मध्ये ते बंद झालं. गॅलरीचा कायद्याने हक्क होता, तो कोणी नाकारत नाही. पण संस्था जेव्हा स्वतःच्या आवारातल्या चहाच्या टेबलाकडे फक्त चौरस फूट म्हणून बघायला लागते तेव्हा तिला स्वतःच्या कामाचाच विसर पडलेला असतो, कारण शिकणं आणि चित्र काढणं यातलं अर्धं काम त्या टेबलावर होत असतं. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. माझ्या थीसिसमधली एकमेव बरी कल्पना लायब्ररीत सुचलेली नाही, अँजेलोजमध्ये पेपर नॅपकिनवर सुचली, तीही मला नाही, माझ्याबरोबरच्या कोरियन पोराला.

मग वाचवायचं कसं? सॅन फ्रान्सिस्कोने एक प्रयत्न केलाय. 2015 मध्ये तिथल्या मतदारांनी जुन्या धंद्यांसाठी एक फंड मंजूर केला. तीस वर्षांहून जुनं दुकान, हॉटेल, बार असेल तर त्याची शहराच्या यादीत नोंद होते, मालकाला थोडी मदत मिळते, आणि जो जागामालक अशा धंद्याला दहा वर्षांचा करार देईल त्यालाही शहर पैसे देतं. यातली शेवटची गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते, कारण ती बरोबर दुखत्या जागेवर हात ठेवते, भाडं आणि करार. आपल्याकडे हेरिटेज म्हटलं की इमारत. 1995 पासून मुंबईत हेरिटेजचे नियम आहेत, त्यात खिडकीचं लाकूड आणि कमानीची नक्षी जपता येते, पण आत बन मस्का मिळतो की मोबाईलची कव्हरं याच्याशी त्या नियमांना देणंघेणं नाही.

पण सॅन फ्रान्सिस्कोच्या योजनेतही माझी अडचण तीच आहे. तीस वर्षं टिकलेल्याला मदत. म्हणजे जो मुळात टिकला त्याचाच सत्कार. तीन वर्षांचं हॉटेल, ज्याचा मालक अजून कर्ज फेडतोय आणि ज्याचा करार पुढच्या मार्चमध्ये संपतोय, त्याला सत्तावीस वर्षं थांबायला सांगायचं का? अँजेलोजलासुद्धा 1959 साली कोणी हेरिटेज म्हटलं नसतं, तेव्हा ते फक्त कोपऱ्यावरचं एक नवं हॉटेल होतं जिथे अंडी बरी मिळतात.

आणि आपल्या मुंबईचा अनुभव तर याहून विचित्र आहे. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, आणि पगडीच्या जागेत, नाममात्र भाड्यात बरीच जुनी हॉटेलं तगली. चांगलंच झालं, नाहीतर साठच्या दशकातच गेली असती. पण त्या गोठलेल्या भाड्याचा फायदा जो आत होता त्याला. बाहेरून येणाऱ्याला त्याच रस्त्यावर बाजारभाव, वर डिपॉझिट, वर ब्रोकर. म्हणजे एकाच फुटपाथवर एक इराणी आजोबांच्या काळच्या भाड्यात चहा विकतोय आणि शेजारी एक पोरगा महिन्याला लाखाच्या वर भाडं भरून तोच चहा विकायला बघतोय. पोरगा दीड वर्षात बुडतो. त्याच्या जागी चेन येते, कारण चेनला एका दुकानात तोटा झाला तर दुसऱ्यात भरून काढता येतो. मग आपण म्हणतो, बघा, सगळीकडे चेनच आल्या, जुनं ते सोनं.

एक गोष्ट आपण सोयीस्कर विसरतो, ती पण सांगून टाकतो. तो नाश्ता स्वस्त का होता? अमेरिकेत टिप मिळणाऱ्या नोकरांना कायद्याने कमी पगार देता येतो. मिशिगनमध्ये 2023 साली साधा किमान पगार होता तासाला 10.10 डॉलर आणि टिपवाल्यांचा 3.84. बाकीचं गिऱ्हाईकाच्या मनावर, टिप कमी पडली तर फरक मालकाने भरायचा असा नियम आहे खरा, पण कागदावरचे नियम आणि सकाळी साडेसातची गर्दी यांची गाठ क्वचितच पडते. हे कुठल्या एका हॉटेलबद्दल नाही, तिथली सगळी पद्धतच तशी आहे. देशपातळीवर तर हा टिपवाला पगार 2.13 डॉलर आहे आणि 1991 पासून तो एक सेंटही वाढलेला नाही. म्हणजे माझ्यासारखा एखादा नवखा चार कप कॉफी पिऊन तसाच उठून गेला तर ती कॉफी शेवटी त्या बाईंनी पाजलेली असते. आपल्याकडे हाच हिशोब पोऱ्याच्या नावावर आहे. माळ्यावर झोपणारा, पहाटेपासून ग्लास विसळणारा, बाराचौदा वर्षांचा. जुन्या हॉटेलांच्या आठवणीत तो असतोच, "ए छोटू" म्हणून, फार गोड असतो तो आठवणीत.

त्यात 2023 च्या जानेवारीत अमेरिकेत बर्ड फ्लूमुळे डझनभर अंड्यांचा सरासरी भाव 4.82 डॉलरवर गेला होता. नाश्त्याच्या हॉटेलला अंडं म्हणजे काय हे कोणालाही कळेल. भाव वाढवला तर गिऱ्हाईक म्हणतं पूर्वीसारखं राहिलं नाही, नाही वाढवला तर मालक मरतो. मला खात्री आहे की आमच्या ग्रुपवर रडणाऱ्यातले निम्मे लोक तोच नाश्ता अठरा डॉलरला दिला असता तर लुटतात म्हणाले असते.

आता माझ्या विरोधातला सगळ्यात दमदार मुद्दा. माझ्या बायकोने तो मांडला आणि मला त्याचं पूर्ण उत्तर अजून सापडलेलं नाही. ती म्हणाली, नवं हॉटेल उघडेल, ठीक आहे, पण अँजेलोजमध्ये रात्रपाळी संपवून आलेली नर्स, हार्टचा सर्जन, रस्ता दुरुस्त करणारा कामगार आणि तुझ्यासारखा टिप न देणारा पोरगा एकाच काउंटरला बसायचे, ती सरमिसळ तयार व्हायला चाळीस-पन्नास वर्षं लागतात, ती काय परवान्याबरोबर मिळते का? खरंय. पुण्यात एफसी रोडला गुडलक 1935 पासून आहे, वैशाली आहे, रुपाली आहे, तिथे सकाळी नऊला जाऊन बघा, एका टेबलावर पर्वतीवरून उतरलेले चार आजोबा, बाजूला एमपीएससीची पोरं, पलीकडे कोणीतरी लग्नाच्या बोलणीसाठी पहिल्यांदा भेटतंय आणि दोघंही मेनूकार्डात तोंड घालून बसलेत. 2023 मध्ये वैशालीचे जगन्नाथ शेट्टी गेले तेव्हा ज्या प्रमाणात पुणेकर हळहळले तेवढं एखादा मंत्री गेला तरी कोणी हळहळत नाही, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ही सरमिसळ मोलाची आहे, मान्य.

फक्त ती वयामुळे होते असं मला वाटत नाही. ती होते कारण त्या जागेत एका माणसाला परवडतं, कोणी उठवत नाही, आणि मालक स्वतः गल्ल्यावर असतो, त्याला चेहरे आठवतात. वय वाढलं की ती मुरते, एवढंच. या तिन्ही गोष्टी नव्या जागेतही होऊ शकतात, भाडं तेवढं असलं तर. आणि होत नाहीत, कारण भाडं तेवढं नसतं. कॉलेजांच्या गावात आता ज्या बिल्डिंगा उठतात, ॲन आर्बरमध्येही आणि आपल्याकडेही, त्यांच्या तळमजल्यावरचे गाळे एवढे मोठे काढलेले असतात की तिथे बँक येऊ शकते, औषधांची चेन येऊ शकते, तीनशे रुपयांची कॉफी येऊ शकते. दोनशे चौरस फुटांत स्टोव्ह आणि सहा टेबलं टाकणाऱ्यासाठी कोणी गाळाच काढत नाही.

म्हणून मला जर विचारलं की युनिव्हर्सिटीने काय करायला हवं होतं, तर अँजेलोज वाचवायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. जागा घ्या, हॉस्पिटल वाढवा, आजारी माणसापुढे माझा फ्रेंच टोस्ट काही मोठा नाही. पण जो कोपरा घेतला त्यावर जे काही बांधाल त्याच्या तळमजल्यावर, रस्त्याकडे दार असलेला एक छोटा गाळा ठेवा, दहा वर्षांचा करार, भाडं विक्रीच्या टक्क्यावर, आणि अट एकच, पहिल्यांदा धंदा करणारा माणूस पाहिजे, चेन नको. टॅक्स भरत नाही ना तुम्ही गावाला? मग एवढं करा. तिथे इथिओपियाचं कुटुंब येईल, येमेनचं येईल, एखादं सोलापूरचं का येणार नाही. पहिली दोन वर्षं टोस्ट बिघडेल. अँजेलोचाही बिघडला असेल की.

आपल्याकडच्या कॉलेजांना तर हे उद्या करता येईल, आवारं केवढाली आहेत. पण कॅन्टीनचं टेंडर जो जास्त बोली लावेल त्याला, वर अनामत रक्कम अशी की पहिल्यांदा धंदा करणारा दारातूनच परत जातो, आणि मग समोसा कोरडा का असतो यावर पोरं मीम करतात.

इथपर्यंत मी फार शहाणा वाटत असेन. तर आता माझंच सांगतो.

पुण्यातला खरा अँजेलो कुठल्या गाळ्यात नसतो, तो सकाळी सहाला हातगाडीवर असतो. पोहे, उपमा, सांजा, साबुदाणा, स्टीलच्या डब्यात चटणी, वर शेव आणि कोथिंबीर, वीस-पंचवीस रुपयांत पोट भरतं. 2014 चा पथविक्रेता कायदा म्हणतो की शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना सामावून घ्या, कमिटी करा, सर्व्हे करा, प्रमाणपत्र द्या, जागा ठरवून द्या. कायदा चांगला आहे. आणि तरी अतिक्रमणाची गाडी येते तेव्हा आपण बाल्कनीतून बघतो आणि मनात म्हणतो, बरं झालं, फुटपाथ मोकळा झाला.

आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर असा एक पोहेवाला होता, लातूरकडचा, बायको चहा करायची, मुलगी शाळेचा युनिफॉर्म घालून स्टूलवर बसून डबे पुसायची आणि साडेसातला पळायची. आयटीतली पोरं, रिक्षावाले, आमचा वॉचमन, वॉक करून येणारे काका, सगळे तिथेच उभे. म्हणजे माझी बायको जी सरमिसळ म्हणते ना, ती. पण गेटसमोर स्कूटर लागतात, प्लेट्स पडतात, कुत्री येतात, तक्रार खोटी नव्हती. सोसायटीने महापालिकेला अर्ज करायचं ठरवलं आणि सह्यांचा कागद घरोघर फिरला.

तो कागद माझ्याकडे आला तो नेमका त्याच आठवड्यात, ज्या आठवड्यात मी ग्रुपवर अँजेलोजसाठी तो मोठा मेसेज लिहीत होतो. मी सही केली. दारात उभ्या उभ्या, फार विचार न करता, सेक्रेटरी घाईत होते आणि माझ्या हातात फोन होता.

गाडी आता दोन चौक पलीकडे, पेट्रोल पंपाच्या भिंतीलगत लागते. मी महिनाभर तिकडून जायचं टाळलं, मग एकदा गेलो. त्याने ओळखलं, म्हणाला, "सर बऱ्याच दिवसांनी," आणि शेव जरा जास्तच घातली. इकडे गिऱ्हाईक कसं आहे विचारलं तर म्हणाला आधीपेक्षा निम्मं, पण पंपावरची पोरं घेतात. मुलगी दिसली नाही. शाळा इथून लांब पडते म्हणे, ती आता गाडीवर येत नाही, थेट घरूनच जाते. पोहे होते तसेच आहेत, फक्त तो आता कमीच करून आणतो, साडेआठच्या आत संपतात.